बोलण्यात सोडलेली जागा

१

उत्तनला होड्या दुरुस्त करणारा पास्कल सुतार वेळेचा पक्का माणूस. रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा, घरी येऊन जेवण आणि दीड ते चार झोप. तेवढ्या वेळात त्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण १९७३च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो झोपला नाही. जेवण झाल्यावर त्यानं शिडी लावली, माळ्यावर चढला आणि सात वर्षं तिथं धूळ खात पडलेलं एक लाकडी खोकं खांद्यावर घेऊन खाली उतरला.

ज्युलियाना, त्याची बायको, मागच्या दारी भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

"आता?" तिनं विचारलं.

"आता," तो म्हणाला.

ती परत भांडी घासायला लागली. बोलण्यासारखं जे होतं ते तिनं वेळेवर बोलून पाहिलं होतं.

तीन दिवसांपूर्वी जहाज कंपनीचं पत्र आलं होतं. पास्कलचा धाकटा भाऊ कॉन्रॅड जहाजावर स्टुअर्ड होता. एका सकाळी समुद्र अगदी शांत असताना तो डेकवरून नाहीसा झाला. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. पत्रात एवढंच.

कॉन्रॅड पास्कलपेक्षा दहा वर्षांनी लहान. बाप गेल्यावर दोघांनी मिळून अंगणात स्वतःचा मचवा बांधायला घेतला होता. सांगाडा उभा राहिला आणि चौसष्ट साली कॉन्रॅड एका ओळखीच्या माणसाबरोबर बोटीवर निघून गेला. पास्कल त्या उघड्या सांगाड्याजवळ उभा राहून आईला म्हणाला, "आजपासून मला भाऊ न्हाय." त्यानं दिलेला शब्द त्याच्या रंध्याखालच्या फळीसारखा असे. सरळ, आणि परत वाकवता न येणारा.

सहासष्ट साली कॉन्रॅडचा एक सोबती हे खोकं घेऊन आला. आत परदेशी रेकॉर्ड प्लेयर होता आणि बरोबर, वेगळ्या पाकिटात, बशीएवढी एक काळी तबकडी. कुठल्याशा बंदरात म्हणे टेलिफोनच्या खोलीसारखी एक खोली असते. आत जाऊन नाणं टाकायचं, समोर बोलायचं, की आपला आवाज कोरलेली तबकडी खालून बाहेर येते. सोबती म्हणाला, "आयला ऐकवा असं सांगितलंय त्यानं. आणि जबाब लिहा म्हनला, तो वाट बघतोय."

म्हातारी दर चार-आठ दिवसांनी म्हणायची, "पास्कल, एकदा लाव ना बाबा."

"मशीन बिघडलंय, आय," पास्कल सांगायचा. त्यानं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं.

चार वर्षं ती विचारत राहिली. तबकडी तिच्या उशाशी असायची. कधीकधी दुपारची ती पाकिटातून काढायची आणि शंख धरावा तशी कानाला लावून बसायची. ज्युलियानानं ते पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खुळी झालीय." सत्तर साली ईस्टर झाल्यावर आठ दिवसांत म्हातारी गेली. कॉन्रॅडला कोणी कळवलं नाही. जबाब आला नाही म्हणून त्यानंही लिहिणं केव्हाच सोडलं होतं.

आता दोघंही नव्हते, आणि पास्कल जमिनीवर मांडी घालून खोक्याचे खिळे उपटत होता.

२

मशीन देखणं होतं. राखाडी पेटी, झाकणातच बसवलेला स्पीकर, आत रबर अंथरलेली फिरती थाळी आणि तिच्या कडेला बगळ्याच्या मानेसारखा एक बारीक हात. पास्कलनं आयुष्यभर लाकडाचे सांधे जुळवले होते. हेही जमेल असं त्याला वाटलं. संध्याकाळपर्यंत तो थाळी हातानं फिरवून बघत बसला, पण वायर भिंतीतल्या प्लगात घालायचा धीर झाला नाही.

"भायंदरच्या राघोला विचारा," ज्युलियाना म्हणाली. "लग्नात रेकॉर्डी लावतो तो."

राघो मूळचा रत्नागिरीकडचा. भायंदरच्या नवघर गावात खोली, चाळिशीचा, लाऊडस्पीकरचा धंदा. भायंदरपासून उत्तनपर्यंत कुठंही लग्न असो, बारसं असो, त्याचे भोंगे लागायचेच. पुढच्या रविवारी तो एसटीनं आला. त्यानं पेटी उलटी करून खालची पट्टी वाचली आणि कपाळाला हात लावला.

"पास्कलभाय, बरं झालं बटण नाय दाबलं. ही एकशेदहाची आहे. आपल्या लाईटवर लावली असती ना, तर धूरच बघत बसला असता."

"मग?"

"ट्रान्सफॉर्मर देतो मी. पण नुस्ता करंट देऊन भागत नाय. मशीन आधी बसवायला लागते. शिकणार का?"

पास्कल छप्पन्न वर्षांचा होता. शेवटचं कोणाकडून काही शिकला ते बापाकडून. तो म्हणाला, "शिकव."

राघोनं पहिली गोष्ट सांगितली ती टेबलाची. थाळी पाण्यासारखी सपाट पाहिजे, नाहीतर सुई एका बाजूला घसरते. हे पास्कलला उमगलं. त्यानं दोन संध्याकाळी खपून सागवानाचं टेबल केलं, चारही पायांना खाली-वर होणारे स्क्रू बसवले आणि पाणसळीतला बुडबुडा दोन्ही दिशांनी मधोमध येईपर्यंत ते फिरवत राहिला. म्हातारीच्या खोलीत, खिडकीशेजारी, ते टेबल ठेवलं. दुसरीकडं जागा नव्हती असं त्यानं ज्युलियानाला सांगितलं.

दुसरी गोष्ट, वजन. सुईच्या हाताच्या मागच्या टोकाला एक गोल लोखंड होतं. ते मागं-पुढं करत राघोनं तो हात असा तोलला की तो हवेतच तरंगत राहिला, ना वर ना खाली. मग लोखंड केसभर पुढं सरकवलं. "सुई जड झाली तर रेकॉर्ड खाते. हलकी झाली तर नाचते. बसली आहे पण दाबत नाय, अशी पाहिजे."

तिसरी गोष्ट, सुई. थाळीवर दाढीचा छोटा आरसा ठेवून सुई त्यावर अलगद उतरवायची. वरची सुई आणि आरशातली सुई एका रेषेत दिसली पाहिजे. पास्कल गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून बघत राहिला. जरासा बाक होता. तो त्यानं स्वतःच काढला.

"हात चांगला आहे तुमचा," राघो म्हणाला. "घेतल्याबरोबर लावायला पाहिजे होती. एवढी वर्षं ठेवली कशाला?"

पास्कलनं आरसा पुसून बाजूला ठेवला. दारात उभी असलेली ज्युलियाना आत निघून गेली.

३

पहिल्यांदा तबकडी लावली तेव्हा कॉन्रॅडचा आवाज आलाच नाही. विहिरीच्या तळातून कोणीतरी जडावलेल्या जिभेनं बोलावं तसं काहीतरी घुमलं. शब्द लागत नव्हते.

राघोला ते अपेक्षित होतं. थाळीच्या कडेला त्यानं कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि पास्कलला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत फेरे मोजायला सांगितलं. मिनिटाला पंचेचाळीस पाहिजेत. भरले सदतीस आणि वर अर्धा.

"तिकडचा करंट वेगळा, म्हणून मशीन इथं हळू चालते. मोटरच्या दांडीवर पितळेची टोपी चढवली की झालं. काशीमीऱ्याला गॅरेजमधे लेथवाला आहे माझा, आणतो करून."

राघो गेला, पण पास्कल टेबलाजवळच बसून राहिला. त्यानं ती जड, घुमणारी तबकडी पुन्हा लावली. शब्द कळत नसले तरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आवाज सलग नव्हता. वाक्य झालं की थांबायचा. बराच थांबायचा. मग पुढचं वाक्य. मध्ये नुसती खरखर.

तो काय प्रकार आहे हे कळल्यावर पास्कलनं थाळी हातानं थांबवली. कॉन्रॅडनं आईला बोलायला जागा सोडली होती. प्रश्न विचारून तो त्या लांबच्या बंदरातल्या खोलीत गप्प उभा राहिला होता, घरी म्हातारीनं उत्तर द्यावं म्हणून. आणि म्हातारी चार वर्षं या खोलीत तबकडी कानाला लावून बसली होती.

त्या दिवशी पास्कल जेवला नाही.

४

मार्चच्या पहिल्या रविवारी राघो टोपी घेऊन आला. चढवली, चिठ्ठीनं फेरे मोजले. बरोबर पंचेचाळीस. पास्कलनं मखमलीच्या तुकड्यानं तबकडी पुसली आणि सुई ठेवली.

"आय, मी कॉन्रॅड," आवाज आला. ओळखीचा, घाईतला, थोडा लाजलेला. नऊ वर्षांनी तो आवाज या घरात आला होता. "ऐकू येतंय का गं तुला?"

खरखर.

"मी बरा हाय. तू कशी हाय?"

खरखर.

"गुडघा काय म्हनतो तुझा?"

खरखर. मग जरा चाचरत, "पाश्कू हाय का तिथं? त्याला बोलव की."

ही जागा सगळ्यात लांब होती. पास्कलनं टेबलाची कड धरली. पाश्कू असं त्याला जगात एकच माणूस म्हणायचा.

"पाश्कू, रागावू नको रे. मी येनार हाय. मचव्याला तू हात लावू नको, दोघं मिळून पुरा करू. बरं, टाईम संपला."

सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. राघोनं सुईचा हात उचलून ठेवला आणि समाधानानं म्हणाला, "क्लियर आहे एकदम. फक्त ती बाई जरा लांब उभी आहे माईकपासून."

"कोन बाई?"

"मधे मधे बोलतायत ना त्या? म्हातारीचा आवाज वाटला. तुमच्या आईला घेऊन गेला होता का तो रेकॉर्डिंगला?"

पास्कल त्याच्याकडं बघत राहिला. राघो उत्तनला राहणारा नव्हता. त्यानं म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं. कॉन्रॅड लांबच्या बंदरात एकटाच बोलला, हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"पुन्हा लाव," पास्कल म्हणाला.

या वेळी तो वाक्यं सोडून मधल्या जागाच ऐकत होता. आधी खरखर. मग खरखरीच्या मागं, शेजारच्या घरात बोलावं इतका लांबचा, एक आवाज. शब्द नाहीत, पण चढ-उतार होता. शेवटाला किंचित वर जाणारा. म्हातारीचं बोलणं तसंच वर जायचं.

"आली ना ऐकू?" राघो म्हणाला. "सुईचं वजन अजून हलवलं तर साफ येईल."

५

पास्कल हा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. रात्री किनाऱ्यावर एकटा काम करत आला होता. त्यानं नीट विचार केला. त्या बंदरात बाहेर दुसरी कोणी बाई उभी असेल. किंवा जुन्या तबकडीवरच नवा आवाज कोरला असेल आणि आधीचा खालून डोकावत असेल. किंवा राघोनं म्हातारी म्हटलं म्हणून आपल्याला म्हातारी ऐकू आली.

मग त्यानं लोखंड केसभर सरकवलं.

रोज कामावरून आला की तो आधी त्या खोलीत जायचा. पाणसळ, आरसा, वजन, फेरे. सगळं तपासून मगच सुई ठेवायचा. चौथ्या दिवशी पहिले शब्द सुटे झाले.

"ऐकू येतंय का गं तुला?"

"येतंय रे बाबा, येतंय."

पास्कलचं डोकं अजून हटून बसलं होतं. असली बोलणी कुठलीही आई बोलेल. यात काय आहे?

"गुडघा काय म्हनतो तुझा?"

"गुडघ्याचं काय विचारतो! आता विहिरीला कठडा बांधलाय पास्कलनं. वाकावं लागत न्हाय."

तो कठडा पास्कलनं अडुसष्टच्या पावसाळ्याआधी बांधला होता. तबकडी आली सहासष्टला.

त्यानं ज्युलियानाला हाक मारली. ती दारापर्यंत आली, पण आत पाऊल ठेवलं नाही.

"ऐक एकदा. आय बोलतेय. खरंच बोलतेय."

"बोलत असंल," ज्युलियाना म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, तेच त्याला जास्त लागलं. "तिला किती बोलायचं व्हतं ते मी बघितलंय. मला नका ऐकवू. मी तेव्हा ऐकलंय सगळं."

त्यानंतर ती दर रविवारी जेवण आटोपून बहिणीकडं जायला लागली. चार वाजेपर्यंत घरात पास्कल आणि ती दोघं, आई आणि कॉन्रॅड.

आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आणि दर खेपेला सारखं येत नव्हतं. कॉन्रॅडचे प्रश्न तेच, पण म्हातारी एकदा सांगायची की फणसाला औंदा फळ धरलं नाही, एकदा सांगायची की ज्युलियाना फार करते माझं. फक्त एका प्रश्नाला तिचं उत्तर बदलायचं नाही.

"पाश्कू हाय का तिथं? त्याला बोलव की."

"न्हाय रे. कामाव गेलाय. सांजच्याला येल."

ती हे सहज बोलायची नाही. आधी जरा थांबायची. मुलाची लाज राखण्यासाठी आई थांबते तशी. आणि पास्कल तिथंच, हातभर अंतरावर, स्टुलावर बसलेला असायचा.

६

त्या रविवारी, मार्च संपत आला होता, त्याला ते सहन झालं नाही.

"पाश्कू हाय का तिथं? त्याला बोलव की."

म्हातारी बोलण्याआधीच पास्कल झाकणातल्या स्पीकरवर वाकला आणि म्हणाला, "हाय. मी हितंच हाय, आय. कॉन्रॅड, मी हाय हितं. चुकलं माझं."

जागा तशीच राहिली. म्हातारीचं उत्तर आलं नाही.

तो कॉन्रॅडच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. 'पाश्कू, रागावू नको रे.' ते तबकडीवर कोरलेलं वाक्य होतं, राघोनंही ऐकलेलं. तेही आलं नाही. सुई आपली फिरत फिरत मध्यावर गेली.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावली. "आय, मी कॉन्रॅड" नाही. "ऐकू येतंय का" नाही. पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत नुसती खरखर. पण ती रिकामी नव्हती. कान जवळ नेला तेव्हा त्याला कळलं की खरखरीच्या मागं कोणीतरी श्वास घेतंय. दोघं जण. आपण एखाद्याच्या घरात शिरावं आणि आतली माणसं बोलता बोलता थांबून आपल्याकडं बघत राहावीत, तशी ती शांतता होती.

राघोला निरोप गेला. तो स्वतःच्या दोन सिनेमाच्या रेकॉर्डी घेऊन आला. त्या झकास वाजल्या. मग त्यानं तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

"भरलेली आहे पास्कलभाय. रेघा सगळ्या जागच्या जागी आहेत. ही काय टेप आहे पुसली जायला?" त्यानं ती परत लावली, दोन्ही बाजूंनी डोकं वाकडं करून ऐकली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा धंदेवाईक शहाणपणा ओसरत गेला. त्यानं सुई उचलली. "तुम्ही काय केलंत?"

"बोललो मी," पास्कल म्हणाला. "त्यांच्यात."

राघोनं रेकॉर्डी पिशवीत भरल्या. चहा न घेता निघाला. अंगणात जाऊन म्हणाला, "मशीन नको असली तर सांगा. मी घेऊन जाईन. आत येणार नाय, तुम्ही बाहेर आणून द्या."

७

एप्रिलचा पहिला रविवार. बोंबील सुकायला टाकले होते आणि सगळ्या आळीला त्यांचा वास होता. ज्युलियाना बहिणीकडं गेली. पास्कलनं नेहमीप्रमाणे सगळं तपासलं, सुई ठेवली, मिनिटभर ती शांतता ऐकली आणि त्याच्यानं तिथं बसवेना. तो उठला, दार ओढून घेतलं आणि अंगणात येऊन विहिरीच्या कठड्यावर बसला.

घरातून बोलणं ऐकू यायला लागलं.

शब्द कळत नव्हते. म्हातारीचा वर जाणारा सूर, मग कॉन्रॅडचा भरभर बोलणारा. मध्येच ती हसली. तो धावत दाराशी गेला. कडीला हात लागला मात्र, सगळं बंद.

परत कठड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

त्याला समजलं. आणि खरं सांगायचं तर त्याला रागही आला नाही. त्यानं मनाशी म्हटलं, एवढं तरी होऊ दे. त्यांना बोलू दे. मी बाहेर बसतो. पुढच्या रविवारीही त्यानं तेच केलं. सुई ठेवायची, दार ओढायचं आणि बाहेर येऊन त्या दोघांच्या बोलण्याचा नुसता सूर ऐकत बसायचं. सात वर्षांपूर्वी दहा मिनिटं खर्च करून जे आत बसून मिळालं असतं, त्यातलं एवढंच आता त्याच्या वाट्याला येत होतं, आणि तेसुद्धा त्याला पुष्कळ वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी त्याच्या लक्षात आलं की बोलणं संपत नाही. ती तबकडी दोन मिनिटांची होती. चर्चच्या घंटेवरून त्यानं हिशेब धरला. पाव तास झाला होता.

तो उठला. दाराकडं गेला नाही, भिंतीच्या कडेनं खिडकीकडं गेला. अनवाणी, श्वास धरून. खिडकीचं एक दार उघडं होतं. त्यातून टेबल दिसत होतं. थाळी थांबलेली होती. तो बारीक हात बाजूला, आपल्या जागी, टेकलेला होता. मशीनचा लाल दिवा विझलेला होता.

आणि बोलणं चालू होतं, आता अगदी स्पष्ट. दुपारच्या जेवणानंतर घरची माणसं बोलतात तसं, एकमेकांचं वाक्य तोडत.

"मचव्याच्या दोन फळ्या राहिल्यात फक्त," एक आवाज म्हणाला. "तू आलास म्हनजे बसवू."

तो आवाज म्हातारीचा नव्हता, कॉन्रॅडचा नव्हता. तो आवाज पास्कलनं बाहेरून कधी ऐकला नव्हता, म्हणून त्याला ओळखायला क्षणभर लागला. तो त्याचा स्वतःचा होता. पण इतका मोकळा, इतका हसरा, की त्याला हेवा वाटला.

मग खोलीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यातून कॉन्रॅड म्हणाला, "पाश्कू, खिडकीत कोन हाय रे?"

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. पावलं खिडकीकडं आली. पास्कलला हलता येईना.

"कोन न्हाय," तो आवाज म्हणाला.

उघडं दार आतून हळूच ओढलं गेलं. पास्कलला दिसली ती फक्त दाराची कड धरलेली चार बोटं आणि एक अंगठा. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, तासणीचा घाव बसला की चिरतं तसं. आतून कडी बसली.

पास्कलनं आपला डावा हात वर करून पाहिला. नख तसंच होतं.

ज्युलियाना चारच्या सुमारास परत आली तेव्हा तो अंगणात उन्हात उभा होता, अंगावर घामाचा थेंब नाही.

"हितं काय करताय? चला आत."

"तू आदी जा," तो म्हणाला.

ती गेली. त्यानं तिची पावलं या खोलीतून त्या खोलीत जाताना ऐकली. मग तिचा आवाज आला, "खिडकी कोनी लावली ही? एवढा उकाडा हाय."

मशीन राघो दुसऱ्याच दिवशी घेऊन गेला. अंगणातूनच. तबकडी ज्युलियानानं मागितली, आणि तिनं तिचं काय केलं ते पास्कलनं विचारलं नाही.

त्यानंतर तो सहा वर्षं जगला. काम करत होता, मिस्सा चुकवत नव्हता, चारचौघांत बोलायचाही. लोकांना त्याच्यात एकच फरक दिसला, आणि त्यावर ते आधी हसले, मग त्यांना सवय झाली. बाहेरून आला की पास्कल स्वतःच्या घरात सरळ शिरत नसे. उंबऱ्याशी उभा राहून कडी वाजवायचा आणि थांबायचा. ज्युलियाना आतून म्हणायची, "या." मग तो आत जायचा.

ती घरी नसली तर तो ओट्यावर बसून राहायचा, ती येईपर्यंत. दार उघडंच असायचं.